गाडीचे निदान

'निदान' हा शब्द आपण मराठीत दोन प्रकारे वापरतो. वैद्य रोग्याची लक्षणे पाहून जे ठरवितो ते निदान. आणि 'निदान एवढे तरी करा' असे आपण एखाद्याला विनवितो, तेथेही तोच शब्द. छत्तीस वर्षे मुलांना संस्कृत शिकविताना या दोन अर्थांची गाठ कोठे पडत असेल, असा विचार माझ्या मनात कधी आला नाही. गेल्या संक्रांतीला मात्र आमच्या घरच्या मोटारीने ती गाठ घालून दिली. कोणाला दूषण देण्यापूर्वी निदान निदान तरी करावे, एवढाच तो धडा आहे. पण तो मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आणि तोही माझ्या सुनेकडून शिकावा लागला. माझी फजिती वाचकांच्या उपयोगी पडण्याचा संभव आहे, म्हणून ती येथे सांगतो.

आम्ही राहतो घणसोली गावात. नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या हे गाव आगरी-कोळ्यांचे, भातखाचरांचे आणि खाडीच्या मासळीचे. आता गावठाणाच्या भोवती सेक्टरांच्या उंच इमारती उभ्या आहेत. पूर्वेस ठाणे-बेलापूर रस्ता आणि कारखान्यांची वसाहत, पश्चिमेस तिवरांची झाडी आणि ठाण्याची खाडी. अशा ठिकाणी थंडी ती काय असणार? खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले आणि पहाटे पंखा बंद करावासा वाटला, की थंडी आली असे आम्ही समजतो. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता तो २२ जानेवारी १९६२ रोजी. एरवी आमच्याकडे पहाटेस १६-१७ अंश म्हणजे पुष्कळ झाले. तेव्हा थंडीने मोटार आजारी पडते ही गोष्ट काश्मीरची किंवा विलायतेची, अशी आम्हा सर्वांची पक्की समजूत होती. आणि ज्या कारणाचा संशयच येत नाही, त्याचा अपराध सामान्यतः जवळच्या माणसाच्या माथी बसतो.

आमची मोटार नऊ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी आणि हाताने गिअर बदलण्याची. दिवाळीपर्यंत तिची काही तक्रार नव्हती. कार्तिक सरता सरता तिला तीन खोडी जडल्या. पहाटे इंजिन सुरू केले की सबंध गाडी थरथरे, इतकी की पुढल्या आरशातील प्रतिबिंब पाण्यातल्यासारखे हाले. गाडी रस्त्याला लागली की खालून धप-धप असा ठेका ऐकू येई. आणि पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना दांडा अडे. जोर केला तर करकर वाजून एकदाचा बसे. तिन्ही खोड्यांना मिळून घरात एकच नाव पडले : 'गाडीची थरथर'. वेगवेगळ्या तीन रोगांना एक नाव दिले की औषध सापडण्याचा मार्गच बंद होतो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

आता गाडी चालवी कोण? आमचे चिरंजीव ठाण्यास कचेरीत जातात ते आगगाडीने. सूनबाई महापेच्या एका कारखान्यात रसायनांच्या प्रयोगशाळेत कामास आहेत. त्यांची पाळी पहाटेची, म्हणून सव्वासहाला गाडी घेऊन त्या निघतात. अंतर जेमतेम तीन-चार कि.मी. चिरंजीवांच्या हाती गाडी येते ती रविवारी, दुपारचे जेवण आटोपून सर्वांना कोठे न्यायचे असले म्हणजे. आणि सकाळी त्याच गाडीतून सूनबाई बाजार करून आलेल्या असतात. वाचकांपैकी कोणाच्या मनात एव्हाना प्रकाश पडला असेल. आमच्या मनात पडला नाही.

घरात न्यायनिवाडा फार झटपट झाला. चिरंजीव म्हणाले, "माझ्या हातात गाडी कशी सरळ चालते! तिला क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय आहे. क्लच झिजला, दुसरे काय?" आमच्या सौभाग्यवतींनी, "वस्तू हळुवार हाताने वापरली म्हणजे टिकते," असे भिंतीकडे पाहून सांगितले. राहता राहिलो मी. मी गप्प राहिलो असतो तरी ते वडीलपणाला शोभले असते. परंतु न्यायशास्त्राची गोडी जुनी, चहाच्या वेळी सर्वांसमक्ष मी म्हणालो, "अन्वय-व्यतिरेक स्पष्ट आहे. जेथे जेथे सूनबाई चालवितात, तेथे तेथे गाडी अडते. जेथे सूनबाई नाहीत, तेथे अडत नाही." सर्व हसले. सूनबाईही थोड्या हसल्या, आणि कपबश्या उचलून आत गेल्या.

दुसऱ्या आठवड्यापासून त्या बसने जाऊ लागल्या. गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीला लटकत राहिली. "बस सोयीची पडते," एवढेच त्यांनी सांगितले, आणि आम्ही ते खरे मानून घेतले. कारण तसे मानणे आमच्याच सोयीचे होते. वस्तुतः ही गाडी चालविण्यास त्या शिकल्या होत्या ते स्वतःच्या कमाईने शिकवणीचे पैसे भरून. गेल्या श्रावणात मध्यरात्री आमच्या सौभाग्यवतींना दम लागला, चिरंजीव परगावी होते, मुसळधार पाऊस पडत होता. तेव्हा वाशीच्या रुग्णालयात त्यांना वेळेवर पोहोचविले ते याच हातांनी. तो प्रसंग घरात कोणी विसरले नव्हते. फक्त निवाडा देताना तो कोणाला आठवला नाही.

आमच्या थोरल्या चुलत बंधूंचे घर निफाडजवळ आहे. दर संक्रांतीस आम्ही त्यांच्याकडे जातो. यंदाही ठाणे, भिवंडी, शहापूर असे करीत, कसाऱ्याचा घाट चढून, आम्ही पाच माणसे सामानासुमानासह निघालो. चिरंजीव चालवीत होते. घरून निघालो ते अकरा वाजता, चांगले ऊन वर आल्यावर. त्यामुळे वाटेत गाडीने एक अक्षर काढले नाही. घाटाच्या चढावरही ती तक्रारीविना चढली. चिरंजीवांनी मागे वळून "पाहिलेत ना?" असा अर्थाचा एक कटाक्ष टाकला. सूनबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. तेथे कित्येक हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली जातो. द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागांत शेकोट्या पेटवून धूर करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा ओसरीवरील तापमापकात ७ अंश दिसत होते आणि पलीकडच्या बागेवर धुराचा थर आडवा पसरला होता. बंधूंच्या औषधासाठी गावात जायचे होते. चिरंजीव गाडीत बसले. इंजिन सुरू होताच गाडी अशी हादरू लागली की ओसरीवरचा कुत्रा उठून बाजूला झाला. ती फाटकाबाहेर पडली, धप-धप असा ठेका सुरू झाला, आणि दुसऱ्या गिअरच्या वेळी दांडा असा अडला की चिरंजीवांना गाडी थांबवून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला. सूनबाई त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊबाईंबरोबर तिळाच्या लाडवांचा पाक पाहत होत्या. त्यांचा पाय क्लचवर असण्याचा कोणताच संभव नव्हता.

अर्ध्या तासाने चिरंजीव परत आले ते गंभीर मुद्रेने. येताना गाडी पुन्हा सरळ चालली होती. तेव्हा सूनबाईंनी हात पुसले, आपल्या पिशवीतून एक शंभर पानी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "बाबा, तुम्ही अन्वय-व्यतिरेक म्हणाला होता, म्हणून दाखवते," एवढेच त्या म्हणाल्या.

त्या वहीत कार्तिकापासूनच्या नोंदी होत्या. तारीख, वेळ, हवेचे तापमान, गाडी त्यापूर्वी किती तास उभी होती, चालविणारे कोण, कोणती खोड दिसली, आणि किती कि.मी. गेल्यावर ती नाहीशी झाली, असे सात रकाने. सूनबाईंच्या पहाटेच्या एकूण एक फेऱ्यांत खोड दिसत होती. परंतु त्यांच्याच रविवारच्या नोंदींत, सकाळी उशिरा बाजारात फिरून झाल्यावर, परतीच्या वाटेवर 'काही नाही' असे लिहिलेले होते. चिरंजीवांच्या दुपारच्या फेऱ्यांपुढेही 'काही नाही'. आणि एका रविवारी पहाटे पाहुण्यांना आगगाडीवर पोहोचविण्यास चिरंजीव गेले होते, त्या नोंदीपुढे तिन्ही खोडी. शेवटी शेरा : 'यांचे म्हणणे, काल मी चालविली म्हणून.'

मी ती वही मिटली, आणि मला माझ्याच वर्गाचा फळा डोळ्यांपुढे दिसला. तर्कशास्त्रात हेतूचा एक दोष मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो. 'जेथे अग्नी तेथे धूर' असे कोणी म्हणाले, तर ते चूक आहे; कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धूर होतो तो अग्नीला ओले सरपण मिळाले म्हणजे. हे ओले सरपण म्हणजे 'उपाधी'. जेथे धूर आहे तेथे ते असतेच. पण जेथे अग्नी आहे तेथे ते असेलच असे नाही. आमच्या घरात अग्नी म्हणजे सूनबाई, धूर म्हणजे गाडीची खोड, आणि ओले सरपण म्हणजे रात्रभर उभी राहून गार पडलेली गाडी. गार गाडी रोज सूनबाईंच्या वाट्याला येई, तापलेली चिरंजीवांच्या. शिवाय महापे इतके जवळ की इंजिन आणि गिअरपेटी पुरती ऊब धरण्यापूर्वीच त्यांचा प्रवास संपे. इतका साधा उपाधी ओळखता आला नाही, आणि तरीही चार माणसांत अन्वय-व्यतिरेकाचे नाव मी घेतले होते. मुलांच्या पेपरात मी याला शून्य गुण दिले असते.

तरी गार गाडी एवढे म्हणून निदान पुरे होत नाही. गावात इतरांच्याही गाड्या रात्रभर थंडीत उभ्या राहतात. त्या अडत नाहीत. थंडी हे निमित्त. आत काहीतरी बिघडलेले असल्यावाचून निमित्ताला जोर येत नाही. माधवनिदानाच्या आरंभी रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतील उपशय मला फार शहाणपणाचे वाटते. लक्षणे संदिग्ध असली, तर एखादे औषध, पथ्य किंवा आचार योजून पाहावा आणि रोग कमी होतो की वाढतो यावरून तो ओळखावा. सूनबाईंनी माधवनिदान वाचलेले नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघांनी त्यांच्या सांगण्यावरून जे केले, ते हेच. त्यांचा पहिला नियम असा की तिन्ही खोड्यांची चौकशी निरनिराळी करायची.

पहिली, उभ्या गाडीची थरथर. गाडी जागेवर, गिअर न्यूट्रलमध्ये. चाके फिरतच नाहीत, म्हणजे चाके, टायर आणि चाकांकडे जाणारे दांडे या सर्वांची निर्दोष सुटका झाली. राहिले इंजिन. आमचे इंजिन जागेवर मिनिटाला सुमारे ९०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १५. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेऱ्यास दोन स्फोट होतात. म्हणून सेकंदाला ३० लहान धक्के बसतात आणि ते एकमेकांत मिसळून जातात. एखादा सिलिंडर पेटला नाही तर दर दोन फेऱ्यांस एकदा लय चुकते आणि गाडी लंगडल्यासारखी डुलते. सूनबाईंनी धुराच्या नळीपाशी कागदाची पट्टी धरली. ती एकसारखी फडफडली, मध्ये खंड नाही. तेव्हा प्लगवर दोष येत नव्हता. मग बॉनेट उघडून त्यांनी मला बाजूला उभे केले. चिरंजीवांनी ब्रेक दाबून धरला आणि क्लच अगदी किंचित सोडला. त्याबरोबर इंजिन एका अंगाला उचलले गेलेले मला स्पष्ट दिसले. इंजिन ज्या रबरी उशांवर बसविलेले असते, त्यांना मिस्त्री लोक 'फाउंडेशन' म्हणतात. त्यांतील एक उशी चिरली होती. रबर थंडीने कडक होते. मग इंजिनाचा हादरा गिळण्याऐवजी ते तो तसाच गाडीच्या अंगात सोडते. ऊब आली की रबर मऊ पडते आणि चीर झाकली जाते.

दुसरी, धप-धप. येथे माझा थोडा उपयोग झाला. टायरवर खडूची खूण करून गाडी ढकलली, तेव्हा एका फेऱ्यात ती १.८ मीटर पुढे गेली. ताशी २० कि.मी. वेगाने गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. म्हणजे चाकाचे तीन फेरे. गाडी त्या वेगावर धरून सूनबाई चालवू लागल्या आणि मी घड्याळ पाहून ठेके मोजले. दहा सेकंदांत तीस. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एक. मोकळ्या सरळ रस्त्यावर त्यांनी क्षणभर क्लच दाबला. इंजिन चाकांपासून सुटले, तरी ठेका तसाच. इंजिनाचा संबंध संपला. दहा-बारा कि.मी. गेल्यावर ठेका आपोआप थांबला. चाकाचा तोल बिघडला असता, तर ही थरथर ताशी ८०-१०० च्या सुमारास वाढली असती, आणि टायर तापल्याने तिची निवृत्ती झाली नसती. तेव्हा हा दोष टायरलाच बसलेल्या चपटेपणाचा. गाडी रात्रभर एका जागी उभी राहिली की ओझ्याखालचा टायरचा भाग दबतो. थंडीत रबर ती आकृती धरून बसते, आणि फिरून तापल्यावर सोडते. हवा कमी असली तर हे फारच होते. आम्ही दिवाळीनंतर हवा तपासलीच नव्हती. शिवाय घणसोलीच्या दुपारी ३० अंशांत भरलेली हवा निफाडच्या पहाटे ७-८ अंशांत आली, तर केवळ थंडीनेच दाब तीन-चार पौंडांनी उतरतो. म्हणून हवा मोजावी ती गाडी चालविण्यापूर्वी, टायर गार असताना. टायरच्या कडेवर चार अंकांचा एक आकडा असतो, तोही पाहावा. त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. '१२१९' म्हणजे २०१९ सालचा बारावा आठवडा. जुने झालेले रबर थंडीपुढे लवकर हार खाते.

तिसरी खोड गिअरची. आणि हिच्यावरच सर्व खटला उभा होता. 'क्लच झिजला' हे चिरंजीवांचे म्हणणे आधी तपासले. क्लचवर पाय ठेवून चालविल्याने तो झिजला असेल, तर चढावर भरल्या गाडीत इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. कसाऱ्याच्या घाटात पाच माणसे असताना तसे काहीच झाले नव्हते. ज्या घाटाचा दाखला देऊन चिरंजीवांनी मागे वळून पाहिले होते, त्याच घाटाने सूनबाईंच्या बाजूने साक्ष दिली. उलट पक्षी, क्लच पुरता सुटत नसेल तर उभ्या गाडीत मागचा गिअर टाकताना दात वाजतात. गार गाडीत, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबून, मागचा गिअर टाकून पाहिला. तो निमूटपणे बसला. इंजिन बंद करून सर्व गिअर टाकून पाहिले. तेही सरळ बसले. म्हणजे दांडा आणि त्याच्या तारा नीट. क्लच निर्दोष. मग गिअरपेटीच्या आत पाहावयाचे राहिले. आणि तेथे थंडीने बदलणारी वस्तू एकच, ती म्हणजे तेल.

येथे गिअरची थोडी रचना सांगणे जरूर आहे. पूर्वीच्या मोटारींत दोन निरनिराळ्या वेगांनी फिरणारी चक्रे एकमेकांत घालताना चालकाला दोनदा क्लच दाबून वेग जुळवावे लागत. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत ही जुळणी आपोआप होण्याची सोय प्रथम आली. बहुधा पितळेचे असलेले एक कडे चक्राच्या निमुळत्या खांद्यावर घासते, दोघांचे वेग सारखे होतात, आणि मग दात दातांत बसतात. हे कडे घासण्यासाठी खांद्यावरील तेलाचा पापुद्रा कापला गेला पाहिजे. तेल फार दाट असले तर कड्याला तो वेळेवर कापता येत नाही. वेग जुळत नाहीत, आणि दांडा अडतो. वीस मिनिटे गाडी चालली की तेल तापून पातळ होते आणि सर्व सुरळीत. लक्षणे तंतोतंत जुळत होती.

सूनबाईंनी विचारले, "दिवाळीत तेल बदलले होते ना? कोणते घातले?"

गाडीच्या पुढच्या खणात मोटारीचे पुस्तक होते आणि गॅरेजची पावतीही होती. पुस्तकात गिअरपेटीसाठी तेल सांगितले होते ७५ डब्ल्यू-८०. यातील 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या अलीकडचा आकडा जितका लहान, तितके ते तेल अधिक थंडीतही वाहते. पलीकडचा आकडा तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. पावतीवर लिहिलेले तेल होते ८० डब्ल्यू-९०. म्हणजे थंडीत आणि उष्णतेत, दोन्ही ठिकाणी अधिक दाट.

आता जे सांगायचे ते सांगणे मला जड जात आहे. दिवाळीच्या सुट्टीत गाडी गॅरेजात घेऊन गेलो होतो तो मी. तेथला तरुण मेकॅनिक मला म्हणाला होता, "काका, पुस्तकातले तेल आत्ता नाही. उद्या मागवून ठेवतो." मला दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याचा कंटाळा. मी विचारले, "आहे ते कसले आहे?" तो म्हणाला, "याच्यापेक्षा दाट आहे." मी म्हणालो, "मग उत्तमच! तूप काय, मध काय, दाट ते चांगले. तेच घाल." त्याने एकदा, "पुस्तकात पातळ लिहिलंय, काका," असे म्हणून पाहिले, पण पांढऱ्या केसांपुढे त्याचे चालले नाही. तो बिचारा खरे सांगत होता. गाडीच्या पोटात ते तेल मी घालविले, आणि दोन महिन्यांनी तिच्या अपचनाचा दोष सुनेच्या पायावर ठेवून वर शास्त्राधारही दिला.

पावती हातात घेऊन मी बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. कोणास काहीच कळले नव्हते. 'गॅरेजवाल्याने चुकीचे तेल घातले' असे एक वाक्य मी उच्चारले असते, तर सर्वांनी ते मानले असते, आणि खटला एका निरपराध माणसाकडून दुसऱ्या निरपराध माणसाकडे गेला असता. ते वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आले होते, हेही लपवीत नाही.

संध्याकाळी तिळगूळ वाटण्याची वेळ झाली. आमच्याकडे लहानांनी वडिलांना नमस्कार करावा आणि वडिलांनी तिळगूळ द्यावा, अशी रीत आहे. सूनबाई नमस्काराला वाकल्या, तेव्हा मी त्यांना थांबविले, आणि बंधू, वहिनी, चिरंजीव, सौभाग्यवती अशा सर्वांसमक्ष तेलाची हकीकत आरंभापासून सांगितली. "चहाच्या वेळी मी जे बोललो ते चूक होते," असे म्हणालो, "आणि ते चार माणसांत बोललो, म्हणून चार माणसांतच परत घेतो." चिरंजीव खाली मान घालून म्हणाले, "माझेही तेच." सौभाग्यवतींनी काही न बोलता सुनेच्या हातावर दोन लाडू जास्त ठेवले. सूनबाईंचे डोळे भरून आले, पण क्षणात सावरून त्या म्हणाल्या, "बाबा, पुढच्या वेळी तेल बदलायला मी जाईन." त्यावर सर्व हसले, आणि या खेपेस त्या सर्वांत मोठ्याने हसल्या.

परतल्यावर त्याच मेकॅनिककडे गेलो. त्याच्यापाशीही चूक कबूल केली. तो संकोचाने नुसता मान हलवीत राहिला. जुने तेल काढून पुस्तकातले घातले, चिरलेली रबरी उशी बदलली, चारी टायरांत गार असताना हवा भरली. एका दिवशी तिन्ही उपाय केले असते तर कोणता कशाला लागू पडला हे कळले नसते. म्हणून सूनबाईंनी प्रत्येक उपायामध्ये दोन-दोन पहाटा सोडल्या. हवा भरल्यावर धप-धप गेली, दांडा अडतच राहिला. तेल बदलल्यावर दांडा मोकळा झाला, थरथर राहिली. उशी बदलल्यावर थरथरही गेली. उपशयाने निदानावर शिक्कामोर्तब झाले.

थंडी पुन्हा येईल. ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यांना एवढेच सुचवितो : पहाटे गाडी कुरकुरली तर आधी पाहा, ती उभी असताना थरथरते की चालताना, क्लच दाबल्यावर थांबते की चालूच राहते, तापल्यावर जाते की वाढते. तेलाचे नाव पुस्तकात पाहा, दुकानदाराला किंवा स्वतःच्या अंदाजाला विचारू नका. आणि चालविणारे माणूस दोषी वाटले, तर एक पहाट आपण स्वतः त्या जागी बसून पाहा.

किल्ली अजून त्याच खुंटीला असते. पण पहाटे सव्वासहानंतर ती तेथे दिसत नाही. वही आता गाडीच्या पुढच्या खणात पावत्यांबरोबर ठेवलेली आहे. तिच्यात आता तिघांची अक्षरे आहेत. परवा हवा तपासून मी नोंद केली, तेव्हा दाबाचा रकाना सोडून तापमानाच्या रकान्यात आकडा लिहिला. सूनबाईंनी तो लाल शाईने खोडून, शेजारी बरोबर जागी लिहिला आहे.